धुतलेले दगड

“आणि तुरटी कधी फिरवलीत?” निरंजनबुवांनी विचारलं.

“काल. त्याआधी पाणी बदललं. त्याआधी फडक्यातून गाळलं.”

“मग?”

“दूध, महाराज. टाकीत घातलेलं बोट दिसत नाही.”

हे सांगणारे गृहस्थ म्हणजे यशवंतराव बांदिवडेकर, पाणीपुरवठा खात्यातले निवृत्त इंजिनिअर. हयातभर त्यांनी तालुक्याला पाणी शुद्ध करून पाजलं. कधी कावीळ निघालीच, तर ती त्यांच्या मते नळातून नव्हे, लोकांच्या तांब्यांतून निघे. असा माणूस घरातल्या काचेच्या टाकीपुढे हरला होता, आणि ते सांगायला समुद्रकाठच्या मठात आला होता.

शेजारी बादली होती. सेलवर चालणारा हवेचा पंप तिच्या कडेला घरघरत होता. आत काळ्या पट्ट्यांचा, बोटाएवढा मासा आडवा होत होता, पुन्हा सरळ होत होता.

मासे दोन होते. एक सकाळी गेला.

मासे मुलीचे, चारुताचे. ती पावसाळ्याआधी तापाने गेली. मागून तिच्या टाकीची काच तडकली. यशवंतरावांनी दुप्पट मोठी टाकी आणून तिच्याच टेबलावर मांडली, खारं पाणी मापात तयार केलं, मासे सोडले. सुरुवातीला पाणी असं होतं, की टाकी रिकामी वाटावी. मग ते पांढरं होऊ लागलं.

बुवा पूर्वाश्रमी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. पुढे ते माणसांना शिकवू लागले. दर्जा घसरला, असं ते स्वतःच म्हणत.

यशवंतरावांनी पिशवीतून बाटली काढली. नमुना खात्याच्या शिस्तीत घेतला होता. बाटली उकळलेली, बूच घट्ट, वर चिठ्ठी. बुवांनी चिठ्ठी वाचली. तारीख, वेळ. ठिकाण : चारुताची खोली.

त्यांनी बाटली उजेडात धरली नाही. नुसतं बूच काढलं आणि ती खाली ठेवली.

“नमुना बिघडेल,” यशवंतराव म्हणाले.

“गुदमरेल.”

“कोण?”

“आत आहे ते.”

...

मग बुवांनी विचारलं, जुन्या टाकीत दगड होते का. होते. पोरीनं मठाखालच्या, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडपातून एकेक उचलून नेलेले. किळसवाणे, यशवंतराव म्हणाले. शेवाळ, बुळबुळीत डाग, भोकाभोकांतून वळवळणारे किडे, आणि वास. त्यांनी ते ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवले, तारेच्या ब्रशने घासले, कडक उन्हात वाळवले. हे सांगताना त्यांचा आवाज प्रथमच जरा चढला. तिच्या हयातीत ते दगड इतके पांढरे कधी नव्हते.

बुवांनी हातातलं बूच एकदा फिरवलं.

“चुकलं का काही?”

“पाणी ते दगडच साफ ठेवत होते. त्यांच्यावर जे जगत होतं, ते.”

पंप घरघरत राहिला.

“म्हणजे तिनं जे सांभाळलं, ते मी...”

“हो.”

“सगळं?”

“ब्लीचिंग पावडर अर्धं काम करत नाही. हे मी तुम्हाला सांगायला नको.”

यशवंतरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पुसायला दुसरं काही नव्हतं.

मग ते वादावर आले. बुडता माणूस हात मारतो, इंजिनिअर मुद्दे मांडतो. दर गुरुवारच्या प्रवचनात बुवाच सांगतात, की गढूळ पाण्याला हात लावू नये, ते आपोआप निवळतं. हे अमुक दिवस थांबून निवळणार असेल तर तसं सांगावं, त्यांची थांबायची तयारी आहे. फक्त मासा थांबणार नाही.

“ते प्रवचन गाळाचं,” बुवा म्हणाले. “गाळ मेलेला असतो, म्हणून तळाला बसतो. हे पांढरं जिवंत आहे, सूक्ष्म जीव आहेत ते. तुम्ही सगळं मारलंत. त्या रिकाम्या घरात पहिलं जे जगायला आलं, ते हे. त्यालाच तुरटी घातलीत.”

“पण निवळेल?”

“निवळेल.”

“संध्याकाळपर्यंत?”

“त्याला तुमची संध्याकाळ ठाऊक नाही.”

“तोवर हा बादलीत तग धरेल?”

“नाही.”

सांत्वनाची बुवांची पद्धत ही अशी होती. मठात गर्दी बेताचीच असे.

ते उठले. “ओहोटी आहे. भरती लागायच्या आत खाली जाऊ. तिनं याला जिथून आणलं, ते डबकं माहीत आहे?”

यशवंतराव बसूनच राहिले.

“तिचं जिवंत असं एवढंच आहे, महाराज.”

“म्हणून तर.”

...

दोघे खडपावरून सांभाळून उतरले. डबक्याशी यशवंतरावांनी बादली तिरकी केली आणि तशीच धरून ठेवली. बराच वेळ. बुवांनी घाई केली नाही. शेवटी मासा बाहेर आला, एका कुशीवर तरंगत राहिला, आणि चढत्या पाण्याच्या पहिल्या लाटेबरोबर फेसात गेला. पोहत गेला की वाहत गेला, कळलं नाही. बुवांना विचारायची यशवंतरावांना हिंमत झाली नाही. त्यांनी खरं सांगितलं असतं.

रिकाम्या बादलीवर पंप चालूच होता. यशवंतरावांनी तो बंद केला.

पाणी त्यांच्या चपलांपर्यंत आलं.

“आता घरी जाऊन मी काय करू?”

बुवा समुद्राकडे बघत होते.

“तिची खोली धुऊ नका.”