भिंतीवरचे तितर

कोंढवणच्या राजेसाहेबांना पैजेच्या शिकारीचा भारी षोक. जो जास्त तितर पाडील त्याला मानाचा फेटा, आणि पाडलेले तितर पेंढा भरून दिवाणखान्याच्या भिंतीवर. म्हाताऱ्या रेशम्या पारध्यानं तोंडानं तितराची हाक द्यायची. माळावरून ओ आली की बंदुका धडाडायच्या.

यंदा मात्र रेशम्या हाका देऊन थकला, माळ गप्पच. पाहुण्यांसमोर राजेसाहेब भडकले. "तुझा गळा गेला, म्हाताऱ्या!"

"गळा तोच हाय, सरकार. जागा चुकली. दिवाणखान्यात चला."

तिथं भिंतीपुढं उभं राहून त्यानं जीव ओतून हाक दिली. राजेसाहेब खो खो हसले. "अरे खुळ्या, मेलेली पाखरं ओ देतात होय?"

"मग माळावर कोण देणार, सरकार? तिथली समदी तर हितं हायेत. माझ्याच हाकेला भुलून आली."

राजेसाहेबांचं हसू विरलं. पैज कायमची बंद झाली.

रेशम्या मात्र रोज उजाडताना माळावर जाऊन एक हाक देई आणि कान लावून बसे. तिसऱ्या वर्षी लांबून एक बारीक ओ आली. दुसरी हाक द्यायला त्यानं तोंड उघडलं, पण त्या दिवशी त्याचा गळा खरोखरच चालेना.