वारुळातली पारख

"दादाला धोत्र्याचे विषारी बी डोळे मिटूनही ओळखता यायचे, मग तेच त्याच्या पोटात गेले कसे?" मुलांनो, एका माळावरचा धाकटा उंदीर हा प्रश्न दिसेल त्याला विचारत सुटला होता. कुणी म्हणाले, "नशीब!" वहिनीला मात्र त्याने विचारलेच नाही. ती पिल्लांना पोटाशी धरून बसलेली असे, आणि ती दिसली की तो वाट बदलून निघून जाई.

थोरला मोठा हौशी होता. सुगीला त्याने वाळवीशी बोलणी करून आपला सारा कारभार वारुळात नेला होता. तिथे काही उणे नव्हते. हवा खेळायची, पाणी शिरत नसे, आणि वाळवीला वाळके लाकूड पुरे, ती दाण्याला तोंड लावत नसे. रीत एकच : आत शिरले की वाटेचे तोंड मातीने लिंपायचे आणि पुढचे सगळे काम आतच उरकायचे. त्यामुळे थोरला दाणे हुंगून निवडायचा तेही आतल्या दालनातच. आता शेते रिकामी झाली होती. वर्षाचे धान्य वारुळात होते तेवढेच. पण थोरला गेल्यापासून त्याला शिवायची कुणाची छाती होत नव्हती.

"काका, एकच दाणा दे ना," एक पिल्लू कळवळून म्हणाले, आणि धाकट्याचे डोके फिरले. तो तडक गेला नि दातांनी वारुळाची भिंत फोडू लागला. झाडावरून खार हसली, "आयत्या बिळात नागोबा! आधी थोरला, आता धाकटा!"

"तू गप बस, झुपकेशेपटी!" तो ओरडला.

तेवढ्यात भगदाडातून म्हातारी वाळवी बाहेर आली. "फोड बाळा, मी नाही अडवणार. पण भिंत, हवा, ओल एवढेच आम्ही सांभाळतो. बियांतले आम्हाला काय कळते? ते तुझ्या दादालाच ठाऊक."

धाकट्याने रागारागाने आत शिरून ढिगात नाक खुपसले. ओली माती, बुरशी. दुसरा वासच नाही. मग त्याने तो ढीग पंजांनी ढकलत उन्हात आणला. वारा लागला मात्र, दाण्यांतून धोत्र्याचा उग्र वास आला. त्याने एक दाणा उचलून पुन्हा हुंगला. "दादा रे! नाक तुझे पक्केच होते. तू त्याला कोंडलेस."

"भाऊजी, मग हे वारूळ सोडायचे का?" पिल्लांना घेऊन मागोमाग आलेल्या वहिनीने हळूच विचारले.

"कशाला? अशी भिंत आपल्याला सात जन्मांत बांधता यायची नाही. साठवण राहू दे इथेच. निवडायचे तेवढे बाहेर, वाऱ्यावर."

एका सपाट दगडावर त्याने दाणे पसरले आणि पिल्लांना भोवती बसवले. "काका, हा चांगला का?" "मला काय विचारतोस? हुंग आणि तूच सांग." निवडून होताच पिल्ले झेपावली, तशी त्याने ती मागे सारली. पहिला दाणा त्याने स्वतः खाल्ला, ऊन दगडावरून उतरेपर्यंत तसाच बसून राहिला, आणि मग ढीग त्यांच्यापुढे सरकवला.

तात्पर्य : दुसऱ्याने बांधलेली सोय जरूर वापरावी, पण आपली पारख तिच्या भिंतींत कोंडू नये, मोकळ्यावर राहिली तरच ती खरी की खोटी ते तपासता येते.