खिंडीला जायची तयारी

"...आणि हँडब्रेक?"

"रात्री ओढत नाही, उस्ताद. गोठून बसतो. गाडी गिअरात टाकतो, चाकाला दगड लावतो."

"डिझेल?"

"खालून आणलेलं सगळं काढलं. इथलं, थंडीत न गोठणारं भरलं."

"बॅटरी?"

"रात्रभर अंथरुणात घेऊन झोपलो."

"बायकोला कधी एवढं जपलंस का रे?"

श्रीरंग हसला नाही. आज हसायचं नाही, असं ठरवूनच तो उभा होता.

रखमाजी ढोणे उस्ताद लष्करात सव्वीस वर्षं ट्रक चालवून हिमाचलातल्या ह्या शेवटच्या गावीच राहिलेले. त्यांनी हो म्हटल्याशिवाय हिवाळ्यात त्यांच्याकडची एकही गाडी खिंडीकडं हलत नसे. श्रीरंग महाडचा. दोन महिने त्यांच्या हाताखाली राबला होता. आज डॉक्टरीणबाईंना खिंडीपलीकडच्या दवाखान्यात पोचवायचं होतं. आणि पोचवणार तर आपणच, हे त्यानं पक्कं धरलं होतं.

"चेन?"

"चारही चाकांना चढवल्यात. डोळे मिटून लावतो आता."

उस्ताद घराच्या पायरीवरून उठले. गाडी दारापुढंच, खिंडीकडं जाणाऱ्या दरीकाठच्या रस्त्यावर उभी होती. गाडीपुढं वीस पावलं चालत गेले. खांद्यावरची घोंगडी काढली आणि त्या अरुंद रस्त्यावर आडवी टाकली.

"इथं बर्फाचा कडा कोसळला. आता?"

"फावडं आहे. उकरतो."

"दोन पुरुष उंच बर्फ आहे."

"मग बाजूनं काढतो..."

"बाजूला दरी. काढ."

श्रीरंगचं डोकं फिरलं. "उस्ताद, वरंधा घाटात सात वर्षं गाडी हाकली मी. धो धो पावसात, धुक्यात. एकदा माघारी फिरलो नाही! आमच्याकडं घाटातून माघारी आलेल्या ड्रायव्हरला टपरीवर तोंड दाखवता येत नाही."

"म्हणून तर विचारतोय."

...

श्रीरंग घोंगडीकडं बघत राहिला. मग मागं बघितलं. गाडी वळवण्याजोगी रुंद जागा पार मागच्या वळणावर होती. शंभर पावलं तरी असतील.

तो गाडीत बसला. रिव्हर्स टाकला.

चेन बर्फात कचाकचा रुतल्या. मागलं चाक दरीकडं सरकलं. थांबला. उतरला. पोत्यातली चुलीची राख चाकाखाली पसरली. पुन्हा बसला. पुन्हा सरकलं.

दात आवळून त्यानं फावड्यानं बर्फ खरवडला. बोटं लाल झाली. पुन्हा राख. तिसऱ्यांदा गाडी इंच इंच मागं गेली, वळणावरच्या जागेत शिरली, वळली, आणि गावाकडं तोंड करून उभी राहिली.

एवढ्या थंडीत त्याच्या मानेवरून घाम वाहत होता.

तो खाली उतरला. उस्ताद मागोमाग चालत आले होते. उस्तादांच्या नजरेला नजर दिली नाही.

"आलो माघारी," तो म्हणाला. "हसा आता."

उस्ताद हसले नाहीत. घराकडं वळून मोठ्यानं ओरडले,

"डॉक्टरीणबाई, चला. ह्याच्या गाडीत बसा."