तीन रंगांची अंगठी

अंबूताईंच्या जुन्या अंगठीत केशरी गोमेद, पांढरा मोती आणि हिरवा पाचू सुखानं नांदत होते. एकदा अंगठी उजळायला दिली, तर सोनारानं चिमटाच उचलला. “ताई, राहूचा गोमेद आणि चंद्राचा मोती! वैर असतं यांचं. मोती काढून टाकू.”

मोती गोमेदाला चिकटला.

“मी कधी भांडलोय का रे तुझ्याशी?” गोमेद पुटपुटला.

“हा गेला तर आपल्याला झेंडा कोण म्हणेल?” पाचू कळवळला.

सोमवारचा उपास धरलेल्या अंबूताई हसल्या. “भाऊ, ग्रह मीही मानते. पण हीच अंगठी घालून आजेसासूबाईंनी जन्मभर झेंड्याला हात जोडले. देवानं नांदवलेलं मी नाही मोडणार. नुसती उजळून द्या.”

अंगठी बोटात शिरली, तसा मोती गोमेदाला म्हणाला, “सरक की जरा, वैऱ्या!”