मोकळ्या दारांचं राज्य

एका मोठ्या नदीच्या काठी मळवटी नावाचं बलाढ्य राज्य होतं. तिथल्या एकाही घराला कडी नव्हती, कोयंडा नव्हता, अडसर नव्हता. राजा यशधवलाच्या पणजोबानं फर्मान काढलं होतं, की दाराला अडसर आला की मनात संशय येतो, आणि संशय आला की चोर येतो. अडसर काढा, चोर आपोआप जातील. लोकांनी काढले. चोर गेले. खरं तर ते गेले नदीच्या गाळानं पिकलेल्या शेतांमुळं आणि चौकाचौकात उभ्या केलेल्या पहारेकऱ्यांमुळं. पोट भरलेला माणूस कशाला दुसऱ्याच्या घरात शिरेल? पण हे सांगायचं कुणाला? मळवटीतलं पोरगं बोलायला लागलं की आधी हेच घोकायचं, की आपलं राज्य मोठं झालं ते मोकळ्या दारामुळं.

तेवढ्यावर थांबले असते तर त्यांचं ते. पण नाही. आपलं औषध दुसऱ्याच्या घशात ओतल्याशिवाय यांना चैन पडेना. पुढच्या राजांनी ठरवून टाकलं, की ज्याच्या देशात दार मोकळं तो आपला सोयरा, ज्याच्या देशात अडसर तो आपला वैरी.

हे तपासायला एक वकील नेमलेला असे. राजाच्या वतीनं परमुलखात जाऊन यायचं, हे त्याचं काम. राजा यशधवलाच्या काळात हा मान सुभानजीकडं होता. परमुलखात शिरायचं, समोर येईल त्या घराचं दार तळहातानं ढकलायचं, आणि दरबारात येऊन सांगायचं, उघडलं किंवा नाही उघडलं. त्यापुढं बोलायची रीत नव्हती. लोक पाठीमागं त्याला दारढकल्या म्हणत. पण डोक्यावर रेशमी पगडी होती, बुडाखाली पालखी होती, त्यामुळं सुभानजीला त्याचं काही वाटत नसे.

एकदा तो शिंपलबंदरला गेला. दार ढकललं, उघडलं. आत एक बाई लेकरांना पोटाशी धरून कोपऱ्यात बसली होती. तिथल्या राजानं रयतेचे अडसर काढले होते ते आपल्या शिपायांना हव्या त्या घरात, हव्या त्या वेळी घुसता यावं म्हणून. सुभानजीनं ते पाहिलं. परत येऊन म्हणाला, "उघडलं." मळवटीनं त्या राजाला हत्ती धाडले, तोफा धाडल्या, भर दरबारात भाऊ म्हटलं.

मग पाळी आली खैरमाथ्याची.

खैरमाथा म्हणजे डोंगरातली गरीब वस्ती. मध आणि हिरडा विकून जगणारी माणसं. मळवटीच्या केसालाही त्यांनी कधी धक्का लावला नव्हता. उलट घाटात चुकलेल्या वाटसरूंना तीच माणसं खाली आणून सोडत. सुभानजीची लेक सगुणा तिथल्या बुधा नाईकाला दिली होती. तिला ठकू नावाची एक चिमुरडी होती. आजोबा आला की ती त्याची पगडी आपल्या डोक्यावर घालून अंगणभर मिरवायची, आणि ज्याच्या पगडीला कुणी बोट लावू शकत नसे तो सुभानजी तिच्यामागं वाकून चालायचा.

सुभानजीनं जावयाचंच दार ढकललं. ते हललंसुद्धा नाही. आतून खैराचा जाड अडसर होता. नाईकानं तो सरकवला आणि हसून म्हणाला, "मामा, हाक तरी मारायची! वाघरू हाक मारत नाही, तेवढ्यावरनं आम्ही माणूस ओळखतो."

डोंगरात बिबट्याला वाघरू म्हणतात. दिवस कलला की ते वस्तीत उतरतं. कुत्रं नेतं, शेळी नेतं, नाहीतर पोर नेतं. अडसर त्याच्यासाठी होता. चोराचं नावही तिथं कुणाला ठाऊक नव्हतं.

दरबारात राजानं विचारलं, "काय सुभानजी?"

"नाही उघडलं, महाराज. पण तिथं वाघरू आहे."

रीत मोडली म्हणून दरबार चपापला. राजगुरू भार्गवशास्त्री मात्र गालात हसले. "वाघरू त्यांच्या मनात आहे. मळवटीत आहे का वाघरू? नाही. का नाही? इथं दारं मोकळी आहेत म्हणून."

मळवटीच्या आसपास झाडोराच नाही, वाघरू येईल कुठून, हे सुभानजीच्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात शास्त्री म्हणाले, "का हो, लेक दिलीय म्हणून जावयाची वकिली करताय वाटतं?"

सगळे खो खो हसले. सुभानजीचा हात नकळत पगडीकडं गेला. ती जागेवर आहे ना, हे त्यानं चाचपून पाहिलं. "नाही उघडलं, महाराज," तो म्हणाला. "एवढंच."

सैन्य डोंगर चढलं. सेनापतीनं दवंडी पिटली, की आम्ही लढायला आलो नाही, उपकार करायला आलोय. घराघरातले अडसर काढून चावडीपुढं त्यांची होळी केली. फौजेनं आपल्या तळाभोवती मात्र बोरीबाभळीचं पुरुषभर उंच कुंपण घातलं. नाईकानं विचारलं, "मग हे काय?"

सेनापती म्हणाला, "हे कुंपण आहे. अडसर नव्हे."

फौज होती तोवर शेकोट्या होत्या, नगारे होते. वाघरू लांब राहिलं. मळवटीत साखर वाटली गेली. मग फौज उतरली. मागं राहिली एक चौकी आणि एक हुकूम, की ज्याच्या घरात अडसर सापडेल त्याचं घर जाळायचं.

खैरमाथ्याची माणसं काय वेडी होती? दिवस कलला की चौकीचे शिपाई आपल्या कुंपणात शिरत, आणि इकडं घराघरात कुणी दळायचं जातं, कुणी उखळ, कुणी लाकडाचा ओंडका आतून दाराला लावत. एका सगुणेनं काही लावलं नाही. वकिलाची लेक म्हणून शिपाई तिचंच घर येताजाता तपासत, पाहुण्यांना तिचंच दार ढकलून दाखवत. नाईक चिडायचा. ती म्हणायची, "माझ्या घरात सापडलं तर आबांची मान जाईल."

एका संध्याकाळी नाईक मध काढायला रानात गेला होता. सगुणा घराच्या आतूनच वाट असलेल्या गोठ्यात धार काढत होती, ठकू पुढं घरात खेळत होती. ती घरात आली तेव्हा पुढचं दार वाऱ्यानं हलत होतं. ठकू घरात नव्हती.

खबर लागताच सुभानजी धावत आला. लेक त्याच्यापुढं रडली नाही.

"आबा, तुम्हाला ठाऊक होतं."

"मी सांगितलं होतं गं दरबारात..."

"किती वेळा?"



सुभानजी तसाच परतला आणि धुळीच्या पायांनी दरबारात उभा राहिला. या वेळी त्यानं सगळं सांगितलं. वाघरू, रान, गोठा, हलणारं दार. राजाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी खरं होतं. यशधवल दुष्ट नव्हता, हीच तर खरी अडचण होती. दुष्टाला कधी ना कधी आपली लाज तरी वाटते.

भार्गवशास्त्र्यांनी हळू आवाजात विचारलं, "बाकीच्या घरांची दारं कशी होती?"

"आतून जाती-उखळं लावली होती."

"बघा, महाराज," शास्त्री म्हणाले. "सगळ्यांनी चोरून दारं अडवली, म्हणून वाघरू त्या एकाच मोकळ्या घरात शिरलं. पोर अडसरानं मारली. सगळ्यांनी दारं मोकळी ठेवली असती तर ते आलंच नसतं."

दरबार म्हणाला, खरं आहे. राजा म्हणाला, खरं आहे. आपण काहीही सांगितलं तरी या माणसांच्या कानात ते त्यांचंच होऊन शिरणार, हे सुभानजीला तेव्हा कळलं. ठकूचं मरणसुद्धा त्यांनी आपल्या बाजूला ओढून घेतलं होतं.

राजानं नव्या मोहिमेचा हुकूम दिला. मोहिमेला ठकूचंच नाव दिलं. या वेळी नुसते अडसर नाही, दारंच उखडून आणायची. घरं दाखवायला पुढं कोण जाणार? तबकात विडा ठेवला आणि तबक सुभानजीपुढं आलं. जो विडा उचलतो त्यानं मोहीम अंगावर घेतली, अशी तिथली चाल. सुभानजीनं तबकाकडं पाहिलं, राजाकडं पाहिलं. नाही म्हणायचं त्यानं मनात ठरवलंही होतं. पण जन्मभर हो म्हणत आलेला माणूस तो. हात पुढं झाला आणि विडा उचलून बसला.

घाटातून पालखी वर चढताना वस्तीनं पाहिली. मागं दारं लादायला आणलेल्या बैलगाड्या होत्या. सगुणेनं चूल विझवली, डोक्यावर गाडगं घेतलं आणि नाईकाला म्हणाली, "चला, रानात जाऊ."

"रानात वाघरू आहे," नाईक म्हणाला.

"त्याचं पोट भरलं की ते थांबतं तरी."

तिच्यामागं सगळी वस्ती रानात निघून गेली.

फौज पोचली तेव्हा घरं रिकामी होती. शिपायांनी दारं उखडायला घेतली. सुभानजी लेकीच्या घरात चुलीपाशी उभा राहिला. राख अजून कोमट होती. त्यानं रानाकडं तोंड करून सगुणेला हाका मारल्या, आवाज बसेपर्यंत मारल्या. ओ आली नाही. बाहेर घणाचे घाव चालूच राहिले.

मळवटीत त्या वर्षी मोठा उत्सव झाला. खैरमाथा आता आपला सोयरा झाला, असं राजानं जाहीर केलं. तिथं एकाही घरात अडसर उरला नव्हता. माणूसही उरलं नव्हतं, पण ते विचारायची रीत नव्हती.

तात्पर्य: जे बलाढ्य राज्य दुसऱ्याचं घर आपल्याच मतानं मापतं, त्याला सोयरा ओळखता येत नाही, वैरी ओळखता येत नाही, आणि त्याच्या चुका दुसऱ्यांच्या लेकरांना भोवतात. आणि ज्याला खरं ठाऊक आहे, त्यानं ते एकदाच पुटपुटून गप्प बसणं म्हणजे न सांगणंच.