काळ्या मेंदीची बट

एकदा एक शिष्या आपल्या गुरूवर मनातून अतिशय चिडली होती. गुरू म्हणजे तालुक्याच्या गावी, भर बाजारपेठेत, चाळीस वर्षे बायकांचे केस कापणाऱ्या आणि रंगवणाऱ्या एक वृद्ध बाई. सारे गाव त्यांना नुसते 'बाई' म्हणे. शिष्या दोन वर्षांपूर्वी खेड्यातले घर सोडून त्यांच्याकडे शिकायला आली होती. तिच्या हाताला आता चांगले वळण लागले होते, तरी बाई तिला ब्लीचच्या वाटीला एकटीने हात लावू देत नव्हत्या. कारण विचारले तर म्हणत, "कळेल." हे 'कळेल' ऐकून ऐकून तिचे कान किटले होते.

त्यातच एके सकाळी शिष्येची थोरली बहीण, अक्का, दुकानात येऊन थडकली.

अक्काचे वय बत्तीस आणि केस कमरेच्या खाली. पाच वर्षे तिला स्थळे येत राहिली. दर कार्यक्रमाआधी केस काळेभोर करायचे, घट्ट वेणी घालायची, पोह्यांच्या बशा घेऊन परक्यांसमोर बसायचे आणि आठ दिवसांनी नकाराचा निरोप ऐकायचा, असा तो क्रम होता. शेवटी दोन वर्षांपूर्वी तिनेच 'आता पुरे' म्हणून तो प्रकार बंद केला आणि पतपेढीत नोकरी धरली. आता तिच्या मनाने एकच घेतले होते. केस फिके जांभळे हवेत, कोरांटीच्या फुलासारखे. स्वतःच्या दिसण्याबद्दल स्वतःहून तिने काही मागावे, असे जन्मात प्रथमच घडत होते. शिष्येने फोनवरच शब्द देऊन टाकला होता.

बाईंनी अक्काला खुर्चीत बसवले, केस हातात घेऊन खालीवर चाचपले आणि विचारले, "आधी काय काय लावलंय?"

"काही नाही," शिष्याच घाईने म्हणाली. "अक्कानं उभ्या जन्मात रंग लावला नाही. मेंदी काय ती, तेवढीच."

"तेवढीच," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी डोळे मिटून असा काही सुस्कारा सोडला की जणू दिवसातून दहा वेळा त्यांना हेच ऐकावे लागत होते.

मग त्यांनी एक चमत्कारिक गोष्ट केली. कात्री उचलली आणि अक्काला न विचारता, मानेजवळची आतली एक काडीएवढी बट मुळापासून कापून घेतली. अक्का किंचाळली. बाईंनी तिकडे लक्षही दिले नाही. ती लांबलचक बट दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधली, काचेच्या वाटीत ब्लीच कालवले, बट त्यात बुडवली आणि वाटी शिष्येच्या पुढ्यात ठेवली.

"हिच्याकडे बघत बस. पाऊण तास. उठायचं नाही."

"बाई, अहो, डोकं तिकडे आहे!"

"मला दिसतंय डोकं कुठे आहे ते. बस."

शिष्या बसली. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. सख्खी बहीण चार तासांचा प्रवास करून आलेली, आणि ही म्हातारी आपल्याला वाटीपुढे राखणीला बसवते! खुर्चीतली अक्काही धुमसत होती. "समोरच्या दुकानात तीन तासांत करून देतात म्हणे," ती सर्वांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली.

"मग जा," बाई चहा गाळत म्हणाल्या. "जाताना टोपी घेऊन जा. येताना लागेल."

अक्का उठली नाही. पण तिने चहालाही हात लावला नाही.

पंधरा मिनिटांनी शिष्येने वाटी उचलायला हात पुढे केला आणि चटकन मागे घेतला. वाटी तापली होती. तिच्याखाली ना शेगडी होती ना ऊन. शिष्येचा राग तिथे थोडा अडखळला. बाईंनी दुरूनच विचारले, "तापली ना?" आणि उत्तराची वाट न पाहता चहाचा घोट घेतला.

पाऊण तासाने बट धुऊन पांढऱ्या पंचावर पसरली तेव्हा ती एकाच डोक्यावरची वाटेना. मुळाकडचा वीतभराहून थोडा अधिक भाग फिका पिवळा झाला होता. तिथून खाली गंजलेल्या खिळ्याचा रंग होता, आणि टोकाला तर बट भिजलेल्या शेवयांसारखी लिबलिबीत झाली होती.

"ओढ," बाईंनी पंचा अक्कापुढे धरला. "तू ओढ. हिनं ओढलं तर तुला खोटं वाटेल."

अक्काने टोक चिमटीत धरून हलकेच ओढले. केस रबरासारखा ताणला, आणि आवाजही न होता तुटून तिच्या बोटांत राहिला.

मग बाईंनी शिष्येला जवळ बोलावले. त्यांचा स्वर आता चिडका नव्हता, फक्त दमलेला होता. "नीट बघ. केस महिन्याला अर्धं बोट वाढतो. हे पिवळं झालंय तिथवर दोन वर्षांचा केस आहे, त्याला कुणी काही लावलेलं नाही. त्याच्या खाली थरावर थर आहेत. मेंदीचा पाला हिरवा असतो बयो, आणि तिनं केस लाल होतो. काळा करते ती मेंदी नव्हे, तिच्यात कालवलेला रंग. कुठल्या पुडीत धातूचे क्षारही असतात. ते ब्लीचला भेटले की तापतात. वाटी तापली, तशी टाळू तापली असती. फिका रंग चढायचा तर आधी केस केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूइतका पांढुरका व्हायला लागतो. एवढे थर काढता काढता केसच संपतो. लोक मला फसवत नाहीत गं. पण ज्याला ते रंग म्हणत नाहीत, ते त्यांच्या तोंडून निघत नाही. म्हणून मी माणसाला एकदा विचारते आणि केसाला पाऊण तास."

मग त्यांनी बटेच्या त्या ठिकाणी बोट ठेवले, जिथे पिवळा संपून तांबडा सुरू होत होता. "दोन वर्षांपूर्वी लावणारं माणूस घरातून गेलेलं दिसतंय."

शिष्येला मागच्या अंगणातली दगडी पायरी आठवली. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी अक्का खाली बसलेली असे आणि ती स्वतः वर बसून, हातात प्लास्टिकच्या पिशव्या बांधून, काळ्या मेंदीचा लगदा अक्काच्या केसांना टोकापर्यंत चोपडत असे. पांढरा केस एकही दिसता कामा नये, म्हणून दोनदोन हात देत असे. आणि आज 'काही नाही' असे तिनेच छातीठोकपणे सांगितले होते. तिला मनस्वी लाज वाटली.

"मग माझ्या नशिबात काळाच का?" अक्काने विचारले.

"वरचा केस तुझा स्वतःचा आहे," बाई म्हणाल्या. "त्याला मी जांभळा करून देईन. आज नाही, दोन बैठकांत, मध्ये तीन आठवडे सोडून. खालच्याला नाही. तो ठेवायचा की काढायचा, ते तू ठरव."

अक्काने आरशात पाहिले. खांद्यावरून पुढे घेतलेले केस तिच्या मांडीवर पडले होते. गावात लोक त्या केसांवरून तिला ओळखत, हे शिष्येला ठाऊक होते. ती घाईने म्हणू लागली, "अक्का, विचार कर, घरी आई काय—"

"हे केस पोहे खाऊन गेलेल्या माणसांसाठी होते," अक्का म्हणाली. "काप."

बाईंनी कात्री शिष्येच्या हातात दिली. शिष्येने पिवळी-तांबडी बट अक्काच्या पाठीवर धरून माप घेतले, रंगाचा पहिला थर जिथे सुरू होत होता तिथे कंगवा टेकवला, आणि आपणच लावलेले ते सारे एकेक बट करून कापू लागली.