बैलावाचूनचा भात

"मग आता बैल राहिलाय कुठं, आई? ते सांगा की!"

केरबानं पुन्हा विचारलं. समोर धोंडाई. डोंगरावरच्या मठाच्या त्या गुरू; सगळे त्यांना आईच म्हणत. वय किती झालं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. ओट्यावर बसून माठाची भाजी निवडत होत्या.

त्या दिवशी ऋषिपंचमी. बैलाच्या कष्टाचा दाणा त्या दिवशी तोंडात घालायचा नाही, हा मठाचा शिरस्ता. परसातला माठ खायचा, अळू खायचं, आणि खायचा देवभात. मठामागच्या तळ्यात तो आपला आपण उगवतो. कुणी नांगरत नाही, कुणी पेरत नाही. पिकला की हात लागताच गळतो, म्हणून कमरेएवढ्या पाण्यात उतरून, खाली सूप धरून गोळा करायचा. एवढा जीव काढून सालाला मिळणार किती, तर पायलीभर.

ते तळंच केरबाला बुजवायचं होतं. तिथं धान्याचं गोदाम बांधायचं होतं. मठाचं अन्नछत्र धोंडाईंच्या या शिष्यानंच वाढवलेलं. यात्रेला हजार माणूस जेवून जायचं, आणि त्याचा त्याला ताठा होता. मुरमाचा डंपर काठावर येऊन उभा होता. अडलं होतं धोंडाईंच्या एका शब्दावर.

"सगळी रानं ट्रॅक्टरनं नांगरतात, आई. पोत्यातल्या तांदळाला बैलाचं शेपूटसुद्धा लागलेलं नाही. म्हणजे आजच्या दिवसाला सगळंच चालतंय. मग तळं कशाला?"

धोंडाईंनी मान वर केली.

"तुझी आजी काय खायची रे?"

"नाचणी, वरी. भात सणाला."

"तुझी माय?"

"दुष्काळात परदेशातनं बोटीनं आलेली तांबडी मिलो ज्वारी. भाकरी थापताना तुटायची म्हणे."

"आणि तू?"

केरबा हसला. "गहू, तांदूळ. पाहिजे तेवढा, पाहिजे तेव्हा."

"आणि आजीच्या आजीच्याही आधी... बैल माणसाळायच्या आधी?"

केरबाची नजर तळ्यातल्या देवभाताकडं गेली. ती त्यानं लगेच काढून घेतली.

"मागचं उगाळून हजार माणसांचं पोट भरतंय का, आई?"

"नाही भरत. जा, तुझ्या पोत्यातल्या तांदळाचा भात टाक. आज तोच जेवू."

केरबा चपापला. आई शिरस्ता मोडणार? मग छाती फुगली. जिंकला होता तो.

भात शिजला. दोन पानं मांडली. पांढराशुभ्र, मोकळा भात, वर वाफ.

काठावरनं डंपरवाला ओरडला, "केरबाभाऊ, ओतू का मुरूम? का आम्हालाबी पान वाढताय?"

"जरा दम धर की! चार घास खाऊन आलोच."

केरबानं भाताला हात घातला.

"थांब," धोंडाई म्हणाल्या. "जेवायच्या आधी तुझा आजा काय करायचा?"

"गोठ्याकडं तोंड करून हात जोडायचा. हरण्या बैलाचं नाव घ्यायचा."

"ज्याचे कष्ट, त्याला हात जोड. मग जेव."

केरबा उठला. सवयीनं मठाच्या गोठ्याकडं वळला. गोठ्यात दावं नव्हतं, पोत्यांची थप्पी होती.

तो रस्त्याकडं वळला. ट्रक येतो तो रस्ता. घाट उतरून पार दिसेनासा होणारा. त्या टोकाला कुणाचं रान, कुणाचे पाय चिखलात, कुणाची पाठ वाकलेली... एक चेहरा डोळ्यांपुढं येईना.

तो अर्धवट फिरला. परत फिरला. हात जोडलेलेच.

पानावरचा भात निवत चालला.

"आई..." तो धोंडाईंकडं वळला. "कुणाकडं तोंड करू?"

काठावर डंपरचं इंजिन सुरू झालं.

धोंडाईंनी आपल्यापुढचं पान बाजूला सारलं.

"ज्याचे कष्ट, त्याचं नाव सापडलं की बुजव तळं."